युद्धानंतरची टिकाऊ शांतता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्ध, यादवी किंवा दीर्घ सशस्त्र संघर्ष संपल्यानंतरच्या समाजांविषयी हे प्रश्न आहेत. उत्तरांमागे एक ठाम मत आहे आणि ते आधीच सांगून टाकणे बरे. करारावर सह्या होतात तो दिवस मोलाचा असतोच. पण शांतता टिकणार की मोडणार, हे पुढच्या दहा-वीस वर्षांत पोलीस ठाण्यात, जमिनीच्या नोंदवहीत, शाळेच्या वर्गात आणि बेपत्ता माणसाच्या घरी ठरत जाते.

गोळीबार थांबला म्हणजे शांतता आली, असे का मानू नये?

नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६०च्या दशकात एक भेद मांडला, तो आजही उपयोगी पडतो. प्रत्यक्ष मारामारी थांबते तेव्हा जी अवस्था येते तिला त्यांनी 'नकारात्मक शांतता' म्हटले, आणि ज्या अन्यायातून ती मारामारी उद्भवली तो दूर होऊन माणसे निर्धोकपणे एकत्र नांदू लागतात तिला 'सकारात्मक शांतता'. 'नकारात्मक' या शब्दामुळे पहिली पायरी कमी लेखण्याची चूक मात्र करू नये. रात्री दारावर थाप पडली की जिच्या काळजाचे पाणी होत असे, त्या बाईला शांत झोप लागणे ही फार मोठी गोष्ट आहे. प्रश्न पुढच्या पायरीचा असतो. एल साल्वादोरमध्ये बारा वर्षांची यादवी जानेवारी १९९२च्या कराराने संपली, दोन्ही सैन्यांमधली लढाई पुन्हा कधीही पेटली नाही आणि बंडखोर संघटनेचा राजकीय पक्ष होऊन तो निवडणुकीच्या मार्गाने सत्तेवरही आला. तरीही टोळ्यांच्या हिंसाचारामुळे २०१५ साली हा देश खुनांच्या प्रमाणात जगात अगदी वरच्या स्थानी होता. करार यशस्वी ठरला होता, पण तेथील सामान्य माणूस सुरक्षित झाला नव्हता.

करार होऊनही पुन्हा युद्ध का भडकते?

कारणे अनेक असतात, पण एक वारंवार आढळते. हरल्यास आपले काय होईल याची खात्री नसलेल्या आणि हाती शस्त्रे असलेल्या गटाला निवडणुकीचा निकाल पचत नाही. अंगोलात १९९१ साली करार झाला आणि सप्टेंबर १९९२मध्ये, दोन्ही सैन्ये पुरती विसर्जित होण्याआधीच, निवडणूक घेण्यात आली. बंडखोर गटाचे नेते योनास साव्हिंबी यांनी निकाल नाकारला, युद्ध पुन्हा सुरू झाले आणि फेब्रुवारी २००२मध्ये साव्हिंबी मारले जाईपर्यंत ते अधूनमधून धगधगतच राहिले. मोझांबिकमध्ये करार झाला ऑक्टोबर १९९२मध्ये, म्हणजे अंगोलाचा अनुभव डोळ्यांसमोर असताना. तेथे निवडणूक एक वर्ष पुढे ढकलली, आधी सैनिकांना छावण्यांत आणून शस्त्रे जमा करून घेतली आणि मगच ऑक्टोबर १९९४मध्ये मतदान घेतले. ती शांतता जवळपास दोन दशके टिकली. २०१३ साली तेथेही पुन्हा चकमकी झडू लागल्या आणि २०१९मध्ये नव्याने करार करावा लागला, कारण विरोधी गटाची शस्त्रे व सत्तेतील वाटा हे दोन्ही प्रश्न अर्धवट सुटलेले होते.

याच्या उलट अनुभव मिझोरामचा आहे. १९६६ साली सुरू झालेले बंड ३० जून १९८६च्या कराराने संपले. त्या वेळचे मुख्यमंत्री लाल थनहावला यांनी आपले पद सोडून बंडाचे नेते लालडेंगा यांना वाट करून दिली. पुढे लालडेंगांचे सरकार १९८८मध्ये पडले आणि १९८९च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरलाही, पण तो पक्ष जंगलात परतला नाही. १९९८मध्ये मतपेटीतूनच तो पुन्हा सत्तेत आला. या कराराविषयी बोलताना बहुतेक जण १९८६ हे साल सांगतात. माझ्या मते खरी कसोटी १९८९ची होती.

शस्त्रे खाली ठेवणाऱ्या माणसांचे पुढे काय होते?

शस्त्रे मोजणे सोपे असते, माणसाचे पुढचे आयुष्य उभे करणे कठीण. लायबेरियात २००३ नंतर १,००,०००हून अधिक लोकांनी 'लढवय्ये' म्हणून नोंद केली, पण जमा झालेल्या बंदुका सुमारे २८,००० होत्या. या तफावतीकडे पाहून अनेकांनी फसवणुकीचा आरोप केला. तो काही अंशी खराही होता. मात्र सैन्यात स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या किंवा पळवून नेलेल्या मुलींकडे बंदूक नसते, आणि बंदुकीवरच पात्रता ठरवली की नेमक्या त्याच मदतीतून सुटतात. नेपाळमध्ये संयुक्त राष्ट्रांनी पडताळणी करून १९,६०२ माओवादी सैनिकांना मान्यता दिली. त्यांपैकी अखेरीस सुमारे १,४०० जण राष्ट्रीय सैन्यात गेले आणि बहुसंख्यांनी रोख रक्कम घेऊन घर गाठले. रोख रक्कम संपते. कौशल्य, शेतीचा तुकडा, गावाने जवळ करणे या गोष्टींना वेळ लागतो आणि त्या नसल्या तर जुना कमांडर किंवा नवी टोळी त्या माणसाला लवकर शोधून काढते.

मोझांबिकमध्ये १९९५पासून तेथील ख्रिस्ती परिषदेने एक उपक्रम चालवला. बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या कामात बंदूक आणून देणाऱ्याला नांगर, सायकल किंवा शिवणयंत्र मिळे. जमा झालेली शस्त्रे कापून निकामी केली जात, आणि त्यांच्या तुकड्यांतून स्थानिक कलाकारांनी खुर्च्या, पक्षी, वाद्ये वाजवणाऱ्या माणसांच्या आकृती घडवल्या. खुर्चीच्या पाठीत रायफलीचा दस्ता जसाच्या तसा दिसतो. यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते शिवणयंत्र, कारण ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले.

अपराध्यांना शिक्षा द्यावी की माफी?

या प्रश्नावर प्रामाणिक माणसांतही मतभेद असतात आणि ते राहणार. शिक्षेची हमी दिली तर शस्त्रधारी करारावर सही करत नाहीत. सरसकट माफी दिली तर ज्यांचे आप्त मारले गेले त्यांना कायद्यानेच दुसऱ्यांदा नाकारल्यासारखे होते. एल साल्वादोरमध्ये मार्च १९९३मध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला आणि अवघ्या पाच दिवसांत संसदेने सर्वांना माफी देऊन टाकली. तो कायदा २०१६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, पण तोवर कित्येक साक्षीदार आणि आरोपी जगात राहिले नव्हते.

वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने वेगळी अट घातली. आर्चबिशप डेझमंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालील आयोगापुढे ज्याने राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण कबुली दिली, त्यालाच माफी मिळू शकत होती. ७,११२ अर्ज आले, त्यांपैकी ८४९ मंजूर झाले. सुमारे २१,००० पीडितांनी आपली कहाणी नोंदवली. आयोगाची कीर्ती जगभर झाली, पण ज्यांना माफी मिळाली नाही किंवा ज्यांनी ती मागितलीच नाही, त्यांच्यावर खटले भरण्याचे काम पुढच्या सरकारांनी जवळजवळ सोडून दिले, आणि पीडितांना २००३ साली एकरकमी ३०,००० रँड देऊन बोळवण केली. सौदा सत्याच्या बदल्यात माफीचा होता; पीडितांनी आपला वाटा दिला, राज्याने आपला दिला नाही. ही खंत तेथे आजही बोलून दाखवली जाते आणि ती रास्त आहे.

रवांडात १९९४च्या वंशसंहारानंतर तुरुंग इतके भरले की नेहमीच्या न्यायालयांतून सर्व खटले निकाली निघण्यास शतकभर लागले असते. म्हणून 'गाचाचा' या जुन्या ग्रामसभेच्या पद्धतीला नवे रूप देण्यात आले. या शब्दाचा संबंध गवताशी आहे. गाव मोकळ्या जागी गवतावर जमे, गावानेच निवडलेली सचोटीची माणसे न्यायदानाला बसत आणि आरोपी, साक्षीदार, विधवा सर्व एकमेकांसमोर असत. सुमारे १२,००० अशा न्यायालयांनी २०१२पर्यंत १९ लाखांच्या आसपास प्रकरणे हाताळली. अनेकांना आपल्या माणसाचा देह कुठे टाकला हे तेथेच प्रथम कळले. तेथे आरोपीला वकील नसे, साक्षीदारांवर दबाव येई आणि वंशसंहार थांबवून सत्तेवर आलेल्या विजयी बाजूच्या सैनिकांनी केलेल्या हत्या त्या कक्षेत घेतल्याच गेल्या नाहीत. या त्रुटी गंभीर आहेत.

कोलंबियाने 'फार्क' या गनिमी संघटनेशी केलेल्या २०१६च्या करारात मधला मार्ग काढला. तेथील विशेष न्यायालयापुढे जो संपूर्ण सत्य सांगतो त्याला पाच ते आठ वर्षे स्वातंत्र्यावर बंधने आणि पीडितांच्या भल्यासाठी काम, आणि जो खोटे बोलतो त्याला वीस वर्षांपर्यंत तुरुंगवास, अशी योजना आहे.

पीडित लोक अशा सवलतींना विरोधच करत असतील ना?

तसे गृहीत धरू नये. कोलंबियाचा करार २ ऑक्टोबर २०१६च्या सार्वमतात अगदी थोड्या मतांनी फेटाळला गेला, विरोधात ५०.२ टक्के मते पडली. पण बोहाया या गावात सुमारे ९६ टक्के मतदारांनी कराराच्या बाजूने कौल दिला. २ मे २००२ रोजी याच गावात, लढाईपासून जीव वाचवण्यासाठी लोक चर्चमध्ये जमलेले असताना, गनिमांनी डागलेला स्फोटक सिलिंडर छत फोडून आत पडला होता आणि मुलांसह डझनावारी माणसे मृत्युमुखी पडली होती. शहरांत बसून कठोर शिक्षेची मागणी करणे आणि ज्याच्या गावातून युद्ध पुन्हा जाणार आहे त्याने मत देणे, यात अंतर आहे. म्हणून पीडितांच्या नावाने बोलण्याआधी त्यांना विचारावे, आणि सगळे पीडित एकच उत्तर देतील अशी अपेक्षाही ठेवू नये.

जुन्या गोष्टी उकरून काढल्याने जखमा पुन्हा उघड्या होत नाहीत का?

हा प्रश्न बहुधा ज्यांची जखम भरली आहे ते विचारतात. ज्याचा माणूस बेपत्ता आहे त्याच्या बाबतीत 'जुने' असे काही नसते, कारण ती घटना अजून संपलेलीच नाही.

बेपत्ता माणसाच्या कुटुंबाची अवस्था जवळून पाहावी लागते. मृत्यूचा दाखला नाही म्हणून पत्नीच्या नावे घर होत नाही, बँकेतले पैसे निघत नाहीत, पेन्शन मिळत नाही. आणि तो दाखला मागायला जाणे म्हणजे नवऱ्याला आपल्या हातांनी मृत ठरवणे वाटते. नेपाळमधील अशा अनेक स्त्रियांनी विधवेची लक्षणे स्वीकारायला नकार दिला आणि त्यामुळे सासर, शेजार आणि सरकारी कचेरी अशा तिन्ही ठिकाणी त्यांना बोल ऐकावे लागले. अर्जेंटिनाने १९९४ साली कायदा करून 'सक्तीने बेपत्ता केल्यामुळे गैरहजर' अशी वेगळी नोंद निर्माण केली, म्हणजे कुटुंबाला वारसाहक्क मिळावा पण त्या माणसाला राज्याने मृत म्हणू नये. एका कायदेशीर शब्दाने किती सांत्वन होऊ शकते याचे हे उदाहरण आहे, आणि इतर देशांनी ते उचलायला हवे होते तितके उचललेले नाही.

बोस्नियात जुलै १९९५मध्ये स्रेब्रेनित्सा येथे ८,०००हून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुरावा नष्ट करण्यासाठी मारेकऱ्यांनी सामूहिक कबरी यंत्रांनी पुन्हा उकरून मृतदेह दुसरीकडे नेऊन पुरले, त्यामुळे एकाच माणसाची हाडे अनेक कबरींत विखुरली. १९९६मध्ये स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने गोळा करून डीएनए चाचणीने सुमारे ७,००० जणांची ओळख पटवली आहे. ओळख पटलेल्यांचा दफनविधी दरवर्षी ११ जुलैला पोटोचारी येथे होतो. तेथील आयांपुढे असा प्रश्न येतो की मुलाचे एक-दोन अवशेष सापडले आहेत, ते आता पुरावेत की उरलेले सापडण्याची वाट पाहावी? काहींनी पुरले, आणि पुढे आणखी काही सापडल्यावर कबर पुन्हा उघडावी लागली. काही अजून वाट पाहत आहेत. या स्त्रियांना 'आता विसरा' असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पोलीस दलाच्या सुधारणेवर इतका भर का दिला जातो?

कारण सामान्य माणसाला राज्य दिसते ते पोलिसाच्या रूपात. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतला संघर्ष संपवणाऱ्या १९९८च्या कराराच्या वेळी पोलीस दलात कॅथलिकांचे प्रमाण अवघे आठ टक्के होते, लोकसंख्येत मात्र ते चाळीस टक्क्यांहून अधिक होते. क्रिस पॅटन यांच्या आयोगाच्या शिफारशींनुसार २००१ साली दलाचे नाव बदलले, बोधचिन्ह बदलले, देखरेखीसाठी सर्व बाजूंचे प्रतिनिधी असलेले मंडळ नेमले आणि दहा वर्षे निम्मी भरती कॅथलिकांमधून करण्याचा नियम केला. २०११पर्यंत हे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवर गेले. नाव आणि बिल्ला बदलण्यावरून त्या वेळी मोठा वाद झाला, आणि तो समजण्यासारखा होता, कारण जुन्या दलाचे सुमारे ३०० जण त्या संघर्षात मारले गेले होते आणि त्यांच्या कुटुंबांना तो बिल्ला पुसला जाणे अपमानाचे वाटले. तरीही बदल अटळ होता. ज्या वस्तीत चोरी झाली तरी लोक पोलिसाला बोलावत नाहीत, तिथे न्याय बंदूकधारीच करतात.

सत्ता गटांमध्ये वाटून दिली की प्रश्न सुटतो का?

युद्ध थांबवण्यासाठी बहुधा ते करावेच लागते, पण नंतर तीच चौकट गळ्याशी येते. बोस्नियाची राज्यघटना तेथील युद्ध संपवणाऱ्या १९९५च्या डेटन कराराचे एक परिशिष्ट आहे. तिच्यानुसार अध्यक्षपद तिघांचे असते : एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातील मुस्लिम समाजाचा), एक क्रोएट, एक सर्ब. ज्यू किंवा रोमा नागरिकाला त्या पदासाठी उभेच राहता येत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ साली हा भेदभाव ठरवला. निकालाला दीड दशक उलटले तरी ही तरतूद काढून टाकण्यात आलेली नाही, कारण ती बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांचे राजकारण तिच्यावरच उभे आहे. अशा चौकटीत तिचा पुनर्विचार कधी व कसा होईल हे करारातच लिहून ठेवणे शहाणपणाचे.

जमीन आणि घरांचे काय करावे?

विस्थापित माणूस परतला की त्याच्या घरात दुसरे कुटुंब राहत असते, आणि तेही पुष्कळदा दुसरीकडून हाकललेलेच असते. बोस्नियात सुमारे २,००,००० घरांचे दावे तपासून बहुतेक घरे मूळ मालकांना परत मिळाली, ही युद्धोत्तर इतिहासातली मोठी कामगिरी आहे. पण घर परत मिळणे आणि माणूस परतणे एक नव्हे. अनेकांनी किल्ली घेतली, घर विकले आणि जिथे आपले लोक बहुसंख्य होते तिथेच राहिले, कारण जुन्या गावात नोकरी नव्हती, शाळा नव्हती आणि रस्त्यात कोण भेटेल याची धास्ती होती. कोलंबियाच्या कराराचे पहिलेच कलम ग्रामीण जमिनीविषयीचे आहे. ते योग्य जागी ठेवले, पण अंमलबजावणीत तेच सर्वांत मागे पडले.

शाळांमध्ये युद्धाचा इतिहास शिकवावा का?

शिकवावा. रवांडाने १९९४ नंतर काही वर्षे इतिहासाचे अध्यापनच थांबवले होते, आणि ताज्या जखमेवर ते समजण्याजोगे होते. पण शाळा गप्प राहिली की घरातली अर्धी कहाणीच मुलाचे संपूर्ण सत्य होते. बोस्नियात 'एका छताखाली दोन शाळा' ही व्यवस्था काही ठिकाणी अजून आहे. इमारत एकच, पण क्रोएट आणि बोस्नियाक मुलांचे अभ्यासक्रम वेगळे, पुष्कळदा दारेही वेगळी. ही तात्पुरती सोय म्हणून सुरू झाली होती. उत्तर आयर्लंडमध्ये पालकांनी स्वतः पुढाकार घेऊन १९८१ साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुले एकत्र शिकतील अशी पहिली एकात्म शाळा काढली, तेव्हा करार सतरा वर्षे दूर होता. आजही तेथे दहांतले नऊ विद्यार्थी अशा शाळांबाहेरच शिकतात.

वाटाघाटींत स्त्रियांचा सहभाग हा केवळ प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे का?

नाही. २००३ साली लायबेरियात लेमा ग्बोवी यांच्या नेतृत्वाखाली ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया पांढरे कपडे घालून राजधानी मोनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ, अध्यक्षांच्या गाड्या जातात त्या रस्त्यालगत, दिवसेंदिवस बसून राहिल्या. पुढे घानाची राजधानी अक्रा येथील वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्यांनी सभागृहाच्या दारातच हात गुंफून ठाण मांडले आणि निर्णय झाल्याशिवाय कोणालाही बाहेर जाऊ देणार नाही असे बजावले. ऑगस्टमध्ये करार झाला. शस्त्रधारी टेबलावर मंत्रिपदांविषयी बोलत होते. पाणी, अन्न आणि परतणारी मुले यांची बाजू मांडणाऱ्या दारात बसल्या होत्या. अशा लोकांना दारात बसावे लागू नये, इतकीच मागणी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० साली केलेल्या १३२५ क्रमांकाच्या ठरावात आहे.

शांतता मूळ धरते आहे हे कशावरून ओळखावे?

परिषदांच्या संख्येवरून नक्कीच नाही. दुसऱ्या बाजूचा माणूस अधिकारी असलेल्या कचेरीत जाऊन एखाद्याचे काम होते का, निवडणूक हरलेला पक्ष पुढच्या निवडणुकीची तयारी करतो का, सायंकाळी उशिरा दुसऱ्या वस्तीतून चालत घरी येता येते का, हे पाहावे. उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्टमध्ये दोन समाजांच्या वस्त्यांना वेगळे करणाऱ्या उंच भिंती कराराला पाव शतक उलटून गेल्यावरही उभ्या आहेत. त्यांतील काही फाटकांना रात्री कुलूप लागते. २०२३पर्यंत सर्व भिंती काढण्याचे सरकारी उद्दिष्ट होते, ते गाठता आले नाही, कारण लगत राहणाऱ्यांची संमती नसताना भिंत काढायची नाही असे ठरलेले आहे, आणि ते ठरवणे बरोबर आहे. क्रमलिन रोडवरची अशी एक भिंत फेब्रुवारी २०१६मध्ये पाडली गेली. ती तीस वर्षे उभी होती. रहिवाशांशी दीर्घकाळ बोलणी केल्यानंतरच कामगार तेथे आले, आणि भिंतीमागच्या घरांच्या खिडक्यांतून पलीकडचा रस्ता दिसू लागला.